वाळू मऊ आहे म्हणून वॉर्मअप सोडू नका

"बीच व्हॉलीबॉलला वॉर्मअप कशाला? वाळू मऊ, लागायची भीती नाही. ऊन आहेच, अंग आपोआप तापतं. दोन मिनिटं हातपाय ताणा, नेटवर चार स्मॅश मारा आणि उतरा. उगाच पळून दम घालवू नका." किनाऱ्यावरच्या स्पर्धांचे दिवस आले की या अर्थाचा मजकूर मोबाइलवर फिरायला लागतो. त्यातल्या प्रत्येक वाक्यात थोडं खरं आहे, म्हणूनच नवी मुलं त्यावर विश्वास ठेवतात. एकेक मुद्दा तपासू.

"वाळू मऊ, लागत नाही." उडी मारून खाली येताना वाळू धक्का सोसते, हे मान्य. इनडोअरच्या मानाने घोटाही कमी मुरगळतो. पण हाच मऊपणा उडताना आडवा येतो. जोर लावला की पाय रुततो, वाळू मागे सरकते आणि जमिनीकडून मिळायचा उसळा मिळतच नाही. वाळूत धावायला टणक जमिनीच्या साधारण दीडपट शक्ती खर्च होते. अप्रोचच्या, म्हणजे स्मॅशसाठी उडी घेण्याआधीच्या धावेच्या, शेवटच्या पावलाला टाच खोल जाते, पोटरी आणि टाचेमागची जाड शीर पुरती ताणली जाते आणि त्याच अवस्थेत तिला सगळं वजन वर फेकायचं असतं. थंड पोटरी इथेच धरते.

दुसरी जागा पायाचा अंगठा. चेंडूवर झेपावताना अनवाणी पायाचा अंगठा वाळूत अडकून तळव्याकडे दुमडतो. मुळाशी सूज येते आणि पुढे कित्येक दिवस उडी मारताना प्रत्येक वेळी कळ येते. बूट घालून खेळणाऱ्याला हे दुखणं सहसा माहीतही नसतं. शिवाय खांदा आणि कंबर. बीचवरच्या खेळाडूंची रेंगाळणारी दुखणी गुडघा, कंबर आणि खांद्याची असतात. हवेत फिरणाऱ्या हाताला खालची वाळू मऊ असून काय फायदा?

म्हणून सुरुवात पायापासून करा. घोटे दोन्ही बाजूंनी १०-१० वेळा फिरवा. पायाची बोटं वाळूत रोवून मुठीसारखी आवळा आणि सोडा, १५ वेळा. मग दोन्ही पायांवर १५ आणि एकेका पायावर ८ वेळा सावकाश टाचा उचला. एवढ्याला जेमतेम दोन-तीन मिनिटं लागतात.

"ऊन आहेच, अंग तापतं." उन्हाने कातडी तापते. स्नायू आतून गरम व्हायला त्यांनी काम करावं लागतं. मंडपाबाहेर अर्धा तास उन्हात बसलेल्या खेळाडूला घाम आलेला असतो, पण त्याची मांडी आणि खांदा बसल्या जागी आखडलेलेच असतात. त्यात रक्त कातडी थंड ठेवण्याकडे वळतं आणि पाणीही कमी होतं. उकाड्यात वॉर्मअप आखूड करा, सावलीत करा, मधे घोट घोट पाणी प्या. पण सोडू नका. कोकणातल्या डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी वाळू गार असते. तेव्हा पळण्याची वेळ ३-४ मिनिटांनी वाढवा.

"दोन मिनिटं हातपाय ताणा." एकाच स्थितीत थांबून ताणल्याने स्नायू गरम होत नाही. एकच स्नायू मिनिटभराहून जास्त वेळ ताणून धरला तर लगेचची उडी किंचित कमीच भरते. असं ताणणं सामन्यानंतर करा. आधी हवी ती हालचाल: ओल्या, घट्ट वाळूवर ३ मिनिटं हलकं धावणं, मग कोरड्या वाळूत कोर्टाच्या १६ मीटर लांबीने पुढे, उलट आणि आडवं, प्रत्येकी दोन फेऱ्या. पाय पुढे टाकून बसता बसता धड वळवणं, दोन्ही बाजूंना ६-६. पाय पुढेमागे झुलवणं १०-१०. रबरी पट्टा असेल तर कोपर बरगडीला चिकटवून हात बाहेरच्या बाजूला ओढणं, १५-१५. खांद्याच्या मागचे छोटे स्नायू यानेच जागे होतात, आणि स्मॅशनंतर सुसाट निघालेल्या हाताला तेच थांबवतात.

"नेटवर चार स्मॅश मारा." सगळ्यात जास्त नुकसान या सवयीने होतं. नेट रिकामं दिसलं की पहिलाच चेंडू पूर्ण ताकदीने हाणायचा मोह होतो. खांद्याला पायऱ्या लागतात. जोडीदारापासून ५-६ मीटरवर उभं राहून आधी पास, मग सेट (बोटांनी चेंडू उंच उचलून देणं), मग जमिनीवरूनच अर्ध्या जोराने १०-१२ फटके. तोवर तीन-चार उड्या, प्रत्येक आधीच्यापेक्षा उंच. त्यानंतर नेट: पहिले तीन-चार स्मॅश अर्ध्या जोराने, शेवटचे दोनच पूर्ण. अधिकृत नियमांत नेटवर ३ मिनिटं मिळतात, आधी कोर्ट मिळालं नसेल तर ५. एवढ्यात शरीर तयार होत नाही. ते तयार करूनच नेटवर यायचं असतं.

नेटवरच्या वेळेत आणखी एक काम उरकतं. दोन्ही बाजूंनी दोन-दोन सर्व्हिस मारून वारा कुठून आहे ते बघा. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात चेंडू कुठे वाहतो हे आधीच कळलं, तर सामन्यात सर्व्हिस टाकताना उपयोग होतो. पळताना खड्डे, शिंपले, काचा दिसल्या तर तिथल्या तिथे उचला.

"दम वाया जातो." बेताने केलेल्या २० मिनिटांच्या वॉर्मअपने दम जात नाही. श्वास लागावा, पण बोलता यावं, एवढाच जोर ठेवा. "पहिल्या पाच-सहा गुणांत अंग गरम होतंच" असंही काहीजण सांगतात. बीचवर तेवढी सवलत नसते. कोर्टात दोघंच. समोरची जोडी तयारी नसलेला हेरते आणि त्याच्यावरच सर्व्हिस टाकत राहते. पास त्याने द्यायचा, स्मॅशही त्यानेच मारायचा, सलग सहा वेळा. पहिली बाजूबदल दोन्ही जोड्यांचे मिळून ७ गुण झाल्यावर होते, तोवर १-६ झालेलं असतं. त्यात काही दुखावलं तर बदली खेळाडू नाही. सावरायला फक्त ५ मिनिटं, नाहीतर सामना सोडून द्यायचा.

दिवसभरात तीन-चार सामने असतील तर प्रत्येकाआधी पूर्ण २० मिनिटं नकोत. मधे अर्धा तास बसणं झालं असेल तर घोटे, टाचा, रबरी पट्टा, तीन चढत्या उड्या आणि १० हलके फटके, असं ६-७ मिनिटांत आटपा. शेवटची जोराची हालचाल सामन्याच्या साधारण ५ मिनिटं आधी संपवा, आणि नाव पुकारेपर्यंत खुर्चीत बसू नका.