रानटी कोणाला म्हणताय?

आज सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ आला. घोडे चौखूर उधळलेत, स्वार एकमेकांवर भाले फेकतायत, एकाच्या कपाळातून रक्त येतंय. खाली लिहिलंय, ‘काय रानटी लोक आहेत!’ आणि त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. दिवसभर डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

तो पासोला आहे. इंडोनेशियातल्या सुंबा बेटाच्या पश्चिमेकडे, कोडी, लांबोया, वानुकाका या भागांत, फेब्रुवारी-मार्चमध्ये होतो. पीक चांगलं यावं म्हणून. मी तो पाहिलाय. वानुकाकाला, एका आजीच्या शेजारी बसून.

व्हिडिओत पहाट नाहीच. पौर्णिमेनंतर काही दिवसांनी समुद्रात न्याले नावाचे रंगीत किडे वर येतात. तो दिवस कुठला, हे चंद्र बघून रातो ठरवतात. रातो म्हणजे तिथले पुजारी. आम्ही अंधारात किनाऱ्यावर गेलो होतो. रातो पाण्यात उतरले, ओंजळीत न्याले घेऊन निरखत राहिले. भरपूर आणि धष्टपुष्ट असतील तर वर्ष चांगलं जाणार. तिथेच या आजीनं मला जवळ बसवून घेतलं आणि पिशवीतून सुपारी, चुना आणि नागवेलीची शेंग काढून हातावर ठेवली. पान नाही, शेंग! सुंबात पाहुण्याला आधी हेच देतात. मला माझ्या आजीची चंचीच आठवली.

मग मैदान. खोगीर नाही, रिकीब नाही. डोक्याला फडकं गुंडाळलेली पोरं, घोड्यांना रंगीत फिती. भाले लाकडी आणि बोथट, पण वेगात बसले तर फोडतातच. जमिनीवर सांडलेलं रक्त पिकाला फळतं, ही मारापुची, म्हणजे त्यांच्या पूर्वजांच्या धर्माची श्रद्धा. याच मारापुला इंडोनेशियाच्या ओळखपत्रावर धर्माच्या रकान्यात जागा मिळायला 2017 सालचा कोर्टाचा निकाल यावा लागला. आणि आपण त्यांना शहाणपण शिकवणार?

आजीच्या नातवाला भुवईपाशी भाला लागला. ती ओरडली नाही. माझं मनगट घट्ट धरलं, आणि तो परत घोड्यावर बसेपर्यंत सोडलं नाही.

हो, माणसं जखमी होतात, कधी जीवही जातो. घोड्यांचे हाल होतात, तेही खरं. मैदानाभोवती पोलीस उगाच उभे नसतात. मान्य.

पण याच ग्रुपवर 2014 मध्ये बैलगाडा शर्यती बंद झाल्या तेव्हा ‘आमच्या मातीची परंपरा’ म्हणून कोण भांडत होतं? 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींना हिरवा कंदील दिला तेव्हा कोणी पेढे वाटले? दहीहंडीला दरवर्षी पोरं हातपाय मोडून घेतात, तेव्हा कुठे जातो हा ‘रानटी’ शब्द? आपलं ते शौर्य आणि दुसऱ्याचं ते रानटीपण! संताप येतो मला. ज्यांच्या आजोबांनी शेतात नारळ फोडल्याशिवाय कधी नांगर धरला नाही, त्यांनी तरी हसू नये.

बरं, जाऊ दे. ज्यानं व्हिडिओ टाकला तो मुलगा वाईट नाही, मी त्याला लहानपणापासून ओळखते. त्याच्यापर्यंत ते तीस सेकंदच पोचले. रक्त पोचलं, न्याले नाही पोचले, आजीही नाही पोचली. म्हणूनच हे लिहिलं. बाळा, वाचशील तर फोन कर, बाकीचं सांगते.

दुपारी खेळ संपला. नातू आला, आजीनं आधी घोड्याच्या मानेवरून हात फिरवला, मग त्याच्या भुवईवरचं रक्त पदरानं टिपलं. निघताना मी वाकून नमस्कार केला. ती काहीतरी म्हणाली. आमच्या ड्रायव्हरनं सांगितलं, विचारतेय, तुमच्याकडे यंदा पाऊस कसा आहे?