पॉलिप ‘चिडतो’ म्हणे!

साताऱ्याच्या आत्याने मंगळवारची अपॉइंटमेंट परस्पर रद्द केली. मोठ्या आतड्यात १२ मिलिमीटरचा पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तराची गाठीसारखी वाढ, सापडलाय, बायोप्सीत कॅन्सर नाही, कोलोनोस्कोपीत, म्हणजे आतड्यात घातलेल्या दुर्बिणीतूनच, काढून टाकायचा एवढंच ठरलं होतं. कारण विचारलं तर तिने भिशीच्या ग्रुपवरचा फॉरवर्ड माझ्याकडे ढकलला: ‘कोलोनोस्कोपीत पॉलिप काढू देऊ नका!’ खाली चार मुद्दे आणि हात जोडलेले. ज्याने लिहिलं त्याला हात जोडून सांगतो, थोडं वाचत जा.

मुद्दा एक: हत्यार लागलं की पॉलिप चिडतो आणि कॅन्सर पसरतो. चिडायला ते काय गांधीलमाश्यांचं पोळं आहे? अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात पॉलिप काढलेल्या १,४१८ जणांवर सरासरी सहा वर्षं लक्ष ठेवलं. १९९३ साली निष्कर्ष छापून आले. सर्वसाधारण लोकांइतकंच, कमीत कमी प्रमाण धरलं तरी त्यांच्यातल्या वीसेक जणांना कॅन्सर व्हायला हवा होता. झाला पाच जणांना.

मुद्दा दोन: काढला तरी त्याच जागी परत येतो, मग पैसे कशाला घालवायचे? इथे मात्र फॉरवर्डवाल्याच्या हाती अर्धं सत्य लागलंय, आणि ते कबूल करायला माझ्या जिवावर येतंय. येतो, कधी कधी. पण बऱ्याचदा तो परत आलेला नसतो, पूर्ण गेलेलाच नसतो. २०१३ साली ‘केअर’ नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. डॉक्टरांनी ‘पूर्ण निघाला’ म्हटल्यावर त्याच जागेच्या कडेचे तुकडे घेऊन तपासले. ५ ते २० मिलिमीटरच्या ३४६ पॉलिपांपैकी १०.१ टक्के ठिकाणी अवशेष सापडले. १० मिलिमीटर आणि त्यावरच्यांत १७.३ टक्के, म्हणजे आत्याच्या गटात. आणि डॉक्टरागणिक हे प्रमाण ६.५ पासून २२.७ टक्क्यांपर्यंत! सगळा हाताहाताचा फरक.

हरळी वरवर खुरपली तर आठ दिवसांत पुन्हा डोकं काढते. म्हणून कुणी खुरपणी सोडून रान पडीक टाकत नाही, काशा वेचून काढतात. इथेही तेच. १० मिलिमीटरच्या आतला पॉलिप चिमट्याने कुरतडत बसायचं नाही. करंट न देता तारेच्या फासात धरून, भोवतीच्या निरोगी अस्तराची एक-दोन मिलिमीटर कड घेऊन कापायचा. चपटा, मोठा असेल तर त्याच्याखाली निळा रंग मिसळलेलं सलाइन टोचतात. अस्तर पुरीसारखं फुगून वर येतं, पॉलिपची कड दिसते, खालच्या थराला धक्का कमी लागतो. कापल्यावर ती जागा पाण्याने धुऊन पुन्हा निरखायची. मोठा पॉलिप तुकड्या-तुकड्यांत काढावा लागला, तर सहाएक महिन्यांनी तीच जागा परत पाहायची. तेव्हा प्रश्न ‘काढायचा का’ हा नाहीच. ‘कसा काढणार’ हा आहे, आणि तो डॉक्टरांना तोंडावर विचारायचा.

मुद्दा तीन: २१ दिवस एरंडेल घ्या, पॉलिप ‘गळून पडतो’. एरंडेलाने जुलाब होतात, हे आपल्या आजीलाही माहीत होतं. पॉलिप ही अस्तराचीच वाढ असते, आतड्याला चिकटलेली जळू नव्हे.

मुद्दा चार: आतडं फाटतं. क्वचित फाटतं, खरंय. नुसत्या तपासणीत हजारात एकाहूनही कमी, मोठा पॉलिप काढताना जास्त. म्हणून तर आधी अनुभव विचारायचा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सांगायच्या.

आत्याला काल फोनवर हे सगळं ऐकवलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “जाते रे, पण ते दोन लिटर खारट पाणी पुन्हा प्यायचं?” प्यायचं. आतडं स्वच्छ नसेल तर कड दिसणार कुणाला? लिंबू पिळलं तर चालेल का, ते विचारून ठेवलंय. चालतं म्हणाले.