पळवाट? मुळीच नाही

राजकारणाची चाड असलेल्याने जाडजूड विज्ञानकादंबऱ्यांत वेळ घालवणं ही पळवाट आहे, हे एका लेखात वाचलेलं मत मला अजिबात पटलं नाही. किम स्टॅन्ली रॉबिन्सन यांची मंगळावरची त्रयीच घ्या (१९९२ ते १९९६). मंगळावर वस्ती करणाऱ्या माणसांतल्या 'रेड' गटाला मंगळ आहे तसाच राखायचाय, 'ग्रीन' गटाला तिथे हवा-पाणी आणून जीवसृष्टी रुजवायचीय. वाचताना दोघांचंही म्हणणं पटतं. त्यात पुन्हा गटागटात जहाल-मवाळ आहेतच! तिसऱ्या खंडात राज्यघटनेवरून जी लांबलचक खडाजंगी चालते ती अनेकांना रटाळ वाटते, मला तोच भाग सगळ्यात जास्त आवडतो. कोण कशावर अडून बसतं, कोण काय सोडतं, तडजोड शेवटी कुठे येऊन ठरते, हे दाखवायला पानं लागतातच. टीव्हीवरच्या पक्षप्रवक्त्यांच्या भांडणात यातलं काहीही कळत नाही, आणि मतदार म्हणून मला नेमकं तेच कळायला हवं असतं.

अर्सुला ले ग्विन यांची 'द डिस्पझेस्ड' (१९७४) तुलनेने छोटी आहे. पण सरकार आणि पक्ष नसलेल्या समाजातही लोकमताच्या दडपणातून सत्ता कशी साचत जाते, ते त्यांनी फार प्रामाणिकपणे लिहिलंय. राजकारणात रस असणाऱ्यांनी ती आधी वाचावी.