क्लचच्या डब्यात स्टिअरिंग ऑइल? आधी झाकण वाचा

‘उभ्या स्पोर्ट्स गाडीचा क्लच गळतोय? गॅरेजवाल्याचे खिसे भरू नका. डब्यात दोन झाकणं पॉवर स्टिअरिंग ऑइल टाका, रबर फुगतं, गळती बंद. आठवड्याला पन्नास वेळा पेडल दाबा. क्लचचं ऑइल आयुष्यभर बदलायला लागत नाही.’

असले मजकूर फिरतच असतात, म्हणून दुर्लक्ष केलं होतं. पण हा ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्या माझ्या आतेभावाने पाठवला, वर ‘रविवारी करतोच’ अशी घोषणा. त्याची जुनी ऑक्टाव्हिया आरएस सोसायटीच्या पोडियम पार्किंगमध्ये कव्हरखाली उभी असते आणि क्लच दाबला की पेडल खालीच राहतं. आता गप्प बसणं शक्य नाही.

रबर फुगतं, हे खरं आहे. भीती त्याचीच आहे. ब्रेक आणि क्लचमधली रबरं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) सारख्या ग्लायकॉलच्या ऑइलसाठी बनवलेली असतात. त्यांना स्टिअरिंग ऑइलसारखं खनिज तेल लागलं की ती भिजवलेल्या साबुदाण्यासारखी फुगून मऊ पडतात आणि गळती थांबेल तेवढंच फुगायचं, असं काही त्यांना समजत नाही. पेडल सोडल्यावर ऑइल डब्यात परत जावं म्हणून पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरमध्ये बारीक छिद्र असतं. फुगलेलं रबर तेच बुजवतं. मग दाब आत अडकतो, क्लच अर्धवट दाबलेला राहतो आणि प्लेट जळते.

तेवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. या गाडीत क्लच आणि ब्रेकचा डबा एकच आहे! क्लचची नळी ब्रेकच्या नळ्यांपेक्षा थोडी वर जोडलेली असते, म्हणजे क्लच गळला तरी ब्रेकपुरतं ऑइल खाली शिल्लक राहावं. बनवणाऱ्यांनी एवढा विचार केला, आणि आपण वरून त्याच डब्यात स्टिअरिंग ऑइल ओतायचं? ते ब्रेकपर्यंत पोचलं की घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या उतारावर ब्रेक आवळलेलेच राहतील, तापतील आणि ऐन वेळी दगा देतील. नंतर नुसतं धुऊन भागत नाही. मास्टर सिलिंडर, चाकाजवळच्या ब्रेक कॅलिपरची रबरं, होज, एबीएसचं युनिट, जिथे जिथे ते तेल गेलं ते सगळं बदला. एका स्लेव्ह सिलिंडरचे, म्हणजे गिअरबॉक्सकडे क्लच ढकलणाऱ्या सिलिंडरचे, पैसे वाचवायला!

काही मोटरसायकलींच्या मागुरा कंपनीच्या क्लचमध्ये खनिज तेलच असतं, जुन्या सिट्रोएनमध्येही होतं, हे मान्य. पण तिथली रबरंच वेगळी, त्यांना ब्रेक ऑइल चालत नाही. कोणतं ऑइल घालायचं ते डब्याच्या झाकणावर लिहिलेलं असतं.

‘आयुष्यभर’वाला मुद्दा ठाण्याच्या हवेत तर हास्यास्पद आहे. ग्लायकॉल हवेतलं पाणी ओढतं. ब्रेक ऑइलचं अमेरिकन मानक, एफएमव्हीएसएस ११६, सांगतं की डॉट ४ कोरं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. पाणी मुरवून केलेल्या चाचणीत हीच किमान मर्यादा १५५ वर येते. तेच पाणी उभ्या गाडीच्या सिलिंडरला आतून गंजवतं, खड्डे पाडतं. म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं, गाडी चालो वा न चालो.

पेडल दाबण्यात थोडं तथ्य आहे. रबर एकाच जागी चिकटून बसत नाही. पण आत खड्डे पडले असतील तर तुम्ही दर आठवड्याला पन्नास वेळा रबर किसताय.

खरा उपाय कंटाळवाणा आहे. टॉर्च घेऊन पेडलच्या वर बघा. मास्टरचा दांडा किंवा खालचं कार्पेट ओलं असेल तर मास्टर गेला. तिथे कोरडं असेल तर गिअरबॉक्सवरच्या स्लेव्हचा डस्ट बूट (धूळ अडवणारं रबरी टोपण) उचला, आत ऑइल असेल तर स्लेव्ह गेला. निसान ३७० झेडसारख्या गाडीत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आत असतो, तिथे गिअरबॉक्स उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. आत खड्डे असतील तर नुसतं रबर किट टाकू नका, अख्खा सिलिंडर नवा घ्या. दोन्ही एकाच वयाचे असतील तर दुसराही बदललेला बरा. मग जुनं ऑइल पूर्ण काढा, सीलबंद डब्यातलं नवं भरा, एअर काढा. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग सोलून निघतो. आणि मागच्या पावसाळ्यात उघडलेली अर्धी बाटली कपाटात असेल तर ती वापरू नका.