‘आकडे नुसते कागदावर’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमच्या नव्या हॅचबॅक रेस कारचा बेसलाइन, म्हणजे सुरुवातीचा, सेटअप आमच्याकडे, रबाळे एमआयडीसीत झाला. तुम्ही लिहिलंय की कोईम्बतूरच्या कारी ट्रॅकवर पहिल्याच सरावात गाडी अंडरस्टीअर करत होती (स्टिअरिंग वळवूनही पुढून बाहेर सरकत होती), आणि दुसऱ्या गॅरेजच्या वजनकाट्यावर क्रॉस वेट (पुढचं एक चाक आणि तिरकं समोरचं मागचं चाक यांवरचं मिळून वजन) 50 ऐवजी 48 टक्के भरलं.

आधी काट्याचं. आमच्या सेटअप शीटवर वरच लिहिलंय: सीटवर तुमच्या वजनाइतकी वाळूची पोती, टाकी अर्धी, टायरमध्ये ठरलेली हवा, दोन्ही अँटी रोल बारच्या (वळणावर गाडी कलू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यांच्या) लिंक सोडलेल्या. तुम्ही टाकलेल्या फोटोत सीट रिकामी आहे आणि लिंक जोडलेल्या दिसतात. लिंकमध्ये जरा ताण राहिला की बार एक कोपरा दाबतो, दुसरा उचलतो आणि क्रॉस वेट सरकतं. फरशीचंही तसंच. रेसच्या कडक स्प्रिंगवर एका चाकाखालचा दोन-तीन मिलिमीटरचा फरकसुद्धा काट्यावर दिसतो. म्हणून आम्ही आधी चारही काटे लेव्हलमध्ये आणतो. ‘उगाच गाडी अडकवली’ असं तुम्हाला वाटलं, तो वेळ यातच गेला.

अंडरस्टीअर थोडा मुद्दाम ठेवलाय. गाडी नवी, ट्रॅक छोटा आणि वळणांचा, मागचा भाग कधी सुटतो याचा अंदाज तुम्हाला अजून यायचाय. अशा वेळी मागून घसरणारी गाडी मी कुणाच्याही हातात देणार नाही. बेसलाइन म्हणजे सर्वांत वेगवान सेटअप नव्हे. काहीही बिघडलं तरी जिथे परत येता येईल अशी मोजलेली जागा.

दुपारी तुम्ही मागची हवा, पुढचा रिबाउंड (दबलेला शॉक ॲब्सॉर्बर उघडताना किती अडतो ती सेटिंग) आणि पुढचा बार एकदम बदललात. त्यातलं काय नडलं, हे आता कुणीच सांगू शकणार नाही.

शीटवरचे आकडे परत लावा. शॉक ॲब्सॉर्बरचे क्लिक पूर्ण कडक करून तिथून मागे मोजा. काही लॅप झाल्यावर पिटमध्ये येताच पुढच्या टायरचं तापमान आत, मध्ये आणि बाहेर सुईच्या प्रोबने घ्या. बाहेरची कड जास्त तापली तर निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरून आत झुकाव) कमी पडतोय, मधला पट्टा तापला तर हवा जास्त आहे. दोन्ही ठीक असेल तर मागच्या बारची लिंक एक भोक कडक बाजूला घ्या, बाकी कशालाही हात लावू नका.

तरीही शंका असेल तर गाडी घेऊन या. सीटवर तुम्हीच बसा, काट्यावरचे आकडे तुमच्यासमोर घेऊ. त्याचे पैसे नाहीत.