रोज कुकीज पुसण्यापेक्षा तिऱ्हाइताच्या कुकीज अडवा

कुकीज, म्हणजे साइट तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवतात त्या छोट्या नोंदी. त्यांच्यावरच्या एका लेखात ‘रोज सगळ्या कुकीज पुसून टाका’ असा सल्ला दिला आहे, तो मला पटत नाही. सगळ्या पुसल्या की प्रत्येक ठिकाणचं लॉगिन जातं. शिवाय ‘कुकीज ठेवू का?’ या प्रश्नाला ‘नको’ म्हणून दिलेलं उत्तरही बहुतेक साइट कुकीतच ठेवतात. तेही पुसलं जातं आणि संमतीची पट्टी परत डोळ्यांसमोर येते. मग वैतागून माणूस ‘सगळं मान्य’ दाबतो!

कुकी म्हणजे साधारण 4 केबीपर्यंतचा मजकूर. खरा प्रश्न तिऱ्हाइताच्या (थर्ड-पार्टी) कुकीचा आहे, म्हणजे उघडलेल्या साइटऐवजी दुसऱ्याच कंपनीने ठेवलेल्या कुकीचा. बातमीच्या पानावर जाहिरात कंपनीचा तुकडा असतो, तोच चपलांच्या दुकानाच्या साइटवरही असतो. दोन्हीकडे ती कंपनी आपल्या कुकीत तुम्हाला दिलेला क्रमांक वाचते आणि तुमची वाट जोडत जाते. सफारीने 2020 पासून या कुकीज मुळातच बंद केल्या. फायरफॉक्स 2022 पासून प्रत्येक साइटसाठी कुकीजची वेगळी बरणी ठेवतो, म्हणजे एका साइटवर ठेवलेली कुकी दुसऱ्या साइटवर वाचता येत नाही. क्रोममध्ये मात्र हे स्वतः करावं लागतं: सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, थर्ड-पार्टी कुकीज, आणि तिथे ब्लॉक.

यानंतर एखादं लॉगिन किंवा पानात बसवलेला व्हिडिओ अडला, तर पत्त्याच्या पट्टीतल्या डोळ्याच्या चिन्हावरून तेवढ्या साइटला परवानगी द्या, सरसकट नको.

कोणत्या कुकीज ठेवल्यात ते बघायचं तर संगणकावर क्रोममध्ये एफ12 दाबून ॲप्लिकेशनखाली कुकीज उघडा. मुदतीचा रकाना बघाच. क्रोममध्ये एक कुकी जास्तीत जास्त 400 दिवस टिकते, पण साइट पुन्हा उघडली की ती मुदत नव्याने लावू शकते.