पक्षी मोजणारा नियोजनकार

पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचा केंद्र सरकारचा सहावा मसुदा जुलै 2024 मध्ये निघाला. महाराष्ट्राचे 17,340 चौरस किलोमीटर त्यात. चुलतभावाने फोनवर विचारलं, "तुमच्या इंग्लंडात असली कटकट नसेल, नाही?"

आहे की! बकिंगहॅमशरमध्ये नव्या रेल्वेमार्गावर वटवाघळांसाठी जवळपास किलोमीटरभर लांबीचं छत घालताहेत, खर्च 10 कोटी पौंडांच्या वर. पंतप्रधानांनीही त्याला जाहीरपणे हास्यास्पद म्हटलं. विकास की पर्यावरण, हे भांडण इथेही जोरात आहे.

गंमत म्हणजे इथे ही दोन्ही भावंडं एकाच घरातली. मॅक्स निकल्सनने 1931 मध्ये ब्रिटनसाठी राष्ट्रीय योजना मांडली. त्यातून आर्थिक नियोजनाचा अभ्यास करणारी संस्था उभी राहिली. हाच गृहस्थ पक्ष्यांची शिरगणती करायचा, आणि 1952 ते 1966 सरकारी निसर्गसंरक्षण संस्था त्यानेच चालवली. 1949 मध्ये स्थापन झालेल्या त्या संस्थेचा पहिला अध्यक्ष आर्थर टॅन्सली, म्हणजे 1935 मध्ये 'इकोसिस्टिम' म्हणजे परिसंस्था ही संकल्पना मांडणारा वनस्पतीशास्त्रज्ञ. जमीन कशासाठी वापरायची हे शास्त्राने ठरवावं, अशी या मंडळींची श्रद्धा.

आपल्याकडेही धागा होता. संयुक्त राष्ट्रांच्या 1972 च्या स्टॉकहोम पर्यावरण परिषदेआधी मानवी पर्यावरणावरच्या समितीचे अध्यक्ष होते पितांबर पंत, संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या तालमीत वाढलेले आणि नियोजन आयोगात दीर्घ पल्ल्याच्या योजना आखणारे. पुढे पर्यावरणाचं वेगळं खातं झालं आणि ते 'परवानगी देणारं' खातं होऊन बसलं. आराखडा आधी, झाडं नंतर.

म्हणून इंग्लंडचा कित्ता गिरवा, असं मात्र मी म्हणणार नाही. 1947 च्या नियोजन कायद्याने शेती आणि वनलागवड जवळजवळ मोकळीच सोडली. शास्त्रज्ञांच्या हाती राखीव जागांची बेटं आली, बाकीचा देश शेतीखात्याकडे राहिला. सखल भागातली फुलांची कुरणं 1930 च्या दशकापासून पन्नासेक वर्षांत 97 टक्के नाहीशी झाली. आणि तिथल्या माणसांना विचारावं, हे निकल्सनच्या पिढीला फारसं सुचलंच नाही. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांच्या पश्चिम घाटावरच्या 2011 च्या अहवालाला ते सुचलं होतं: सीमा आणि नियम ग्रामसभांशी बोलून ठरवा. माझ्या मते अहवालातलं सर्वांत मोलाचं कलम हेच, आणि आपल्याकडच्या भांडणात ते कुणी उच्चारत नाही.

भावाला विचारलं, "मसुदा तुमच्या ग्रामसभेत वाचला का?"

"यादीत गावाचं नाव आहे, एवढं पेपरात आलं होतं," तो म्हणाला.